आधी वीट, मग गोळी

‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेममधलं माझं पहिलं मरण अगदीच फुकटचं होतं. बॉस्टनमधल्या एका कललेल्या उंच इमारतीत क्लिकर नावाचा लागण झालेला शत्रू समोर आला. मी घाईघाईनं पिस्तूल काढलं, दोन गोळ्या भिंतीत घातल्या, तिसरी त्याच्या खांद्याला लागली आणि चौथी झाडायच्या आत त्यानं जोएलच्या, म्हणजे मी खेळवत असलेल्या माणसाच्या, मानेचा लचका तोडला. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून आलेला भाचा शेजारी शेंगदाणे खात बसला होता. तो म्हणाला, "मामा, पायाशी वीट पडली होती."

ती वीट मला दिसलीच नव्हती. बंदूक हातात असताना विटेकडे कोण बघतो? हा गेम नव्यानं हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक जण इथंच चुकतो. बाकीच्या गेममध्ये गोळ्या भरपूर मिळतात, त्यामुळे हाताला तीच सवय असते. इथं फडताळं उघडून, ड्रॉवर ओढून, मेलेल्यांचे खिसे चाचपून दोन-तीन गोळ्या सापडतात आणि त्या पुढच्या खोलीपर्यंतसुद्धा पुरत नाहीत.

ज्यांनी २०२३ मध्ये आलेली एचबीओची मालिका तेवढी पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडी ओळख. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या नॉटी डॉग या स्टुडिओनं हा गेम जून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आणला. पुढच्या वर्षी तो प्लेस्टेशन ४ वर आला. २०२२ मध्ये ‘पार्ट वन’ या नावानं तो प्लेस्टेशन ५ साठी नव्यानं बांधला आणि मार्च २०२३ मध्ये कॉम्प्युटरवरही आला. आज सुरुवात करणाऱ्यानं ‘पार्ट वन’च घ्यावा. कथा अशी: कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते आणि जग कोसळतं. त्यानंतर वीस वर्षांनी जोएल नावाचा पन्नाशीकडे झुकलेला, मनानं मेलेला माणूस चौदा वर्षांच्या एलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोचवायला निघतो. ही बुरशी खरोखरच आहे, पण ती धरते किड्यामुंग्यांना. उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर बर्फ वितळल्यावर लोक गुडघ्यांवर रांगत जी कीडाजडी शोधतात, ती याच गोतावळ्यातली.

आधी कान

गेम सुरू करण्याआधी हेडफोन लावा. ही हौस नाही, गरज आहे. टीव्हीच्या स्पीकरवर क्लिकरचा आवाज ‘कुठून तरी’ येतो, हेडफोनवर तो ‘डावीकडच्या खांबामागून’ येतो.

लागण झालेल्यांचे प्रकार नीट ओळखायला हवेत, कारण प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी. रनर नुकताच बिघडलेला असतो. त्याला दिसतं, ऐकू येतं आणि तो धावत येतो, पण अंगात फारसा दम नसतो. स्टॉकर लपतो, डोकावतो, फटका मारून पुन्हा आडोशाला पळतो. क्लिकरच्या चेहऱ्यावर बुरशी फुलून डोळे गेलेले असतात. तो तोंडानं टकटक करतो आणि वटवाघळासारखा प्रतिध्वनीवर वाट काढतो. ब्लोटर म्हणजे बुरशीचं चिलखत घातलेला पहाड. त्याच्याविषयी पुढे.

क्लिकर आंधळा आहे, म्हणजे तुमचा टॉर्च चालू असला तरी त्याला पत्ता नाही. पण त्याला ऐकू येतं आणि नवखा खेळाडू इथंच फसतो. वाकून चाललं की झालं, असं त्याला वाटतं. तेवढं पुरत नाही. वाकलेल्या अवस्थेतही कंट्रोलरची काडी पूर्ण ढकलली तर पावलं वाजतात आणि क्लिकर वळतो. काडी अगदी जेमतेम कलवायची, जोएल जणू पाय उचलायलाच विसरलाय इतकी. भाच्याची उपमा अशी: घरात सगळे झोपलेत आणि आपल्याला फ्रिजमधलं श्रीखंड काढायचंय. मला याहून चांगली सुचलेली नाही.

जोएलला कान देऊन ऐकण्याची एक सोयही आहे. तिला लिसन मोड म्हणतात. त्यात भिंतीपलीकडची माणसं पांढरट आकृत्यांसारखी दिसतात. प्रत्येक नव्या खोलीच्या दाराशी थांबून तो एकदा लावा आणि किती जण आहेत, कोण फिरतंय, कोण एका जागी उभंय ते मोजा. मोजल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. मात्र जो नुसता उभा आहे, आवाज करत नाही, तो या मोडमध्येही नीट कळेलच असं नाही. म्हणून डोळे आणि कान दोन्ही वापरायचे.

पोतडीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. जोएलच्या पाठीवरच्या पिशवीत तयार वस्तू ठरावीकच मावतात. मोलोटोव्ह (पेटवून फेकायची बाटली) तीन, मेडकिट तीन, बॉम्ब तीन, सुऱ्या तीन. (सुरीला गेममध्ये शिव्ह म्हणतात. भाचा त्याचा उच्चार ‘शिव’ असा करतो, म्हणून मी आपली सुरीच म्हणतो.) कच्च्या मालालाही मर्यादा आहे. चिंध्या, अल्कोहोल, चिकटपट्टी, कात्रीची पाती, साखर, स्फोटक पूड हे सगळं सुट्या भागांत गोळा होतं आणि भरलं की भरलं. त्यानंतर टेबलावर दिसलेली बाटली उचलताच येत नाही.

मी पहिल्या खेपेला अगदी मध्यमवर्गीय पद्धतीनं खेळलो. लागेल पुढे, म्हणून सगळं जपून ठेवलं. परिणाम असा, की तीन मोलोटोव्ह कंबरेला लटकत असताना मी रनरच्या टोळीला ठोसे मारत मेलो, आणि वाटेत निम्मा माल ‘जागा नाही’ म्हणून तिथंच राहिला. या गेममध्ये साठवणूक म्हणजे काटकसर नव्हे. भरलेली पिशवी हा तोटा आहे, कारण पुढचं फडताळ तुमच्या काही कामाचं उरत नाही. म्हणून माल भरला असं दिसलं की तिथल्या तिथे काहीतरी बनवा आणि मग समोरचं उचला. तयार वस्तूही तीन झाल्या असतील तर पुढच्या चकमकीत एक खर्च करायचीच, असं ठरवून आत शिरा.

काय बनवायचं हा प्रश्न मोठा गमतीचा आहे, कारण एकाच मालातून दोन वस्तू होतात. चिंधी आणि अल्कोहोल यांचा मेडकिटही होतो आणि मोलोटोव्हही. पातं आणि चिकटपट्टीची सुरी होते, किंवा तेच हातातल्या पाइपला बांधलं की पहिल्याच फटक्यात माणूस आडवा होतो. स्फोटक पुडीत पातं घातलं तर खिळ्यांचा बॉम्ब, साखर घातली तर धुराचा. माझी पद्धत अशी: एक मेडकिट आणि एक मोलोटोव्ह कायम तयार, बाकीचा माल कच्चाच ठेवायचा आणि पुढे कोण आहे हे कळल्यावर ठरवायचं. लागण झालेले असतील तर आग, माणसं असतील तर मलमपट्टी. पण एक लक्षात ठेवा. जोएल गुडघ्यावर बसून पिशवी उघडतो तेव्हा जग थांबत नाही. तुम्ही चिंधी बांधत असता आणि मागून कोणी येत असतं. बनवायचं ते लढाईच्या आधी. लढाईतच वेळ आली तर दोन भिंती मध्ये घालून.

खाण्याची पाकिटंही मिळतात, त्यानं थोडी तब्येत सुधारते. अंगावर ओरखडाही नसेल तर ती कुठं आहेत ते लक्षात ठेवा आणि चकमक उरकून परत या.

सुरीबद्दल भाच्याचं आणि माझं एकमत नाही. गेममध्ये काही बंद दारं फक्त सुरीनं उघडतात. सगळी मिळून तेरा. तो म्हणतो, सुरी क्लिकरसाठी राखावी. मी म्हणतो, एक सुरी कायम दारासाठी. कारण त्या दारामागे गोळ्या, माल, शिकवणी पुस्तिका असं इतकं काही असतं की एका सुरीचे पैसे वसूल होऊन वर उरतात. क्लिकरला चुकवून जाता येतं, दार मागे राहिलं की राहिलं.

स्टेशनातली पंधरा मिनिटं

पहिल्या क्लिकरनंतर थोड्याच वेळात बॉस्टनचं भुयारी रेल्वे स्टेशन येतं. नवे खेळाडू बहुतेक इथंच अडकतात आणि काही गेम सोडूनही देतात. म्हणून हे सावकाश सांगतो.

अंधार आहे, खांब आहेत, काही रनर आणि क्लिकर फिरतायत. बंदुकीची एक गोळी सुटली की सगळे एकदम अंगावर येतात, आणि तेवढ्या गोळ्या तुमच्याकडे नाहीत. पहिली गोष्ट, उतरल्या उतरल्या काहीही करू नका. आडोशाला बसून एक मिनिटभर ऐका. प्रत्येकाच्या फेरीला एक ठरलेली लय आहे, ती कळेल.

दुसरी गोष्ट, जवळपास बाटली किंवा वीट शोधा. दोन्हींतली एकच एका वेळी नेता येते, पण वाटेवर त्या हव्या तितक्या पडलेल्या असतात. रनर एकटा पाठमोरा सापडला तर मागून पकडून गळा दाबा. वेळ लागतो, पण आवाज होत नाही आणि खर्च शून्य. पकडल्यावर तिथंच दाबत बसायचं नाही, आधी खांबामागे ओढायचं. क्लिकरचा गळा मात्र दाबता येत नाही, तिथं सुरीच लागते. रनरवर सुरी वापरणं म्हणजे मटकी निवडायला कोयता घेणं.

तिसरी गोष्ट, उरलेल्यांना एकत्र आणायचं. दूरच्या कोपऱ्यात बाटली फेका. ती फुटते, क्लिकर किंचाळत तिकडे धावतात, रनरही मागोमाग. तिघं-चौघं एका जागी जमले की त्या घोळक्याच्या मधोमध मोलोटोव्ह. याच सुमारास तो बनवायला मिळतो, आणि गेमनं तो इथं दिलाय तो याचसाठी. एका चिंधीत आणि एका बाटलीत चार जण संपतात. हेच पिस्तुलानं करायला गेलात तर दहा-बारा गोळ्या, एक मेडकिट आणि बहुधा एक मरण.

कुणालाच न मारता कडेकडेनं बाहेर पडता येतं हेही सांगून ठेवतो. प्रत्येक खोली साफ केलीच पाहिजे असा नियम नाही. फक्त मग तिथला माल मागे राहतो, एवढा सौदा मनाशी करावा.

आणि बेत फसला, कुणीतरी पाहिलंच, तर पळा, पण नुसते पळू नका. अरुंद दाराशी या. उघड्यावर तीन रनर तीन बाजूंनी येतात, दारात एकामागून एक येतात. हातातली वीट पहिल्याच्या तोंडावर फेका. तो डगमगला की धावत जाऊन फटका द्या. क्लिकर अंगावर येत असेल तर नुसत्या हातांनी त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यानं धरलं की संपलं. वीट न फेकता हातात धरून त्याच्या डोक्यात सलग ठोकली, तर तो सावरायच्या आत आडवा होतो. मला त्या पहिल्या दिवशी हेच ठाऊक नव्हतं.

गोळ्या आणि गोळ्या

गेममध्ये दोन प्रकारच्या गोळ्या सापडतात. बंदुकीच्या, आणि अंगात बळ आणणाऱ्या. दुसऱ्या गोळ्या जमवून जोएलची क्षमता वाढवता येते. बहुतेक जण पहिल्यांदा तब्येत वाढवतात. मी आधी ‘शिव्ह मास्टर’ घेतो. त्यामुळे क्लिकरनं धरल्यावरही, सुरी शिल्लक असेल तर सुटता येतं. मग तब्येत, मग बंदुकीचा थरथरता नेम स्थिर करणं. दुरून ऐकण्याची शक्ती सगळ्यांत शेवटी, कारण हेडफोन आहेत.

वाटेत सापडणाऱ्या सुट्या भागांनी कामाच्या टेबलावर बंदुका सुधारता येतात. तिथं पहिला खर्च जादा होल्स्टरवर करा. पिशवीतून दुसरी बंदूक काढायला जोएल खाली बसतो आणि तेवढ्या वेळात होत्याचं नव्हतं होतं. दोन बंदुका हाताशी असल्या तर जीव वाचतो, मॅगझिन मोठी असण्यापेक्षा ते मोलाचं.

चकमक संपली की पहिलं काम रीलोड, दुसरं लूट. उलट क्रम मी बरेचदा केला आणि ड्रॉवर उघडताना मेलो.

लिंकन या गावात धनुष्य हाती येतं. त्याचा आवाज नाही आणि शाबूत राहिलेला बाण परत उचलता येतो. दूरवर एकटा उभा असलेला क्लिकर दिसला की धनुष्य. दोन-तीनदा नेम चुकेल, पण चुकलेला बाण भिंतीपाशी जाऊन बघा.

ब्लोटर

याच गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत पहिला ब्लोटर भेटतो. जवळ जायचं नाही. त्यानं धरलं तर कुठलीही सुरी कामाची नाही. तो बुरशीचे गोळे फेकतो, ते येताना दिसतात, आडवं पळून चुकवा. त्याचं चिलखत आगीनं उतरतं. दोन मोलोटोव्ह, मग शॉटगन, मग पुन्हा पळणं. गोल गोल फिरत राहायचं, कोपऱ्यात अडकायचं नाही. पुढे विद्यापीठाच्या टप्प्यात आग ओकणारी बंदूक मिळते, त्यानंतर ब्लोटर तेवढा भीतिदायक राहत नाही.

माणसं जास्त वाईट

पिट्सबर्गपासून शत्रू बदलतो. इथं माणसं आहेत, त्यांना दिसतं, ती एकमेकांशी बोलतात, वळसा घालून मागून येतात. तुमची बंदूक रिकामी ‘खट्’ वाजली की त्यांना कळतं आणि ती धीट होतात. म्हणून शेवटची गोळी झाडण्याआधीच जागा बदला. गोळी झाडली तिथं तुम्ही आहात असं ती धरून चालतात आणि तिकडेच येतात. तुम्ही तोवर पुढच्या काउंटरमागे असायला हवं. एका जागी चिकटून लढणारा खेळाडू इथं टिकत नाही.

लोक धुराचा बॉम्ब वाया घालवतात, किंवा बनवतच नाहीत. माणसांविरुद्ध तो फार उपयोगी. धुरात त्यांना काही दिसत नाही, तुम्ही आत शिरून एकेकाला गप्प करू शकता. खिळ्यांचा बॉम्ब फेकून तसाच पडू द्यावा. कोणी जवळ आलं की तो आपोआप उडतो. तेव्हा तो आधी दाराशी टाकायचा आणि मग त्याच्यापलीकडे बाटली फोडून कुणाला तरी बोलवायचं. क्रूर आहे खरं. पण हा गेमच तसा आहे, आणि तो ते तुम्हाला मुद्दाम जाणवून देतो.

पिट्सबर्गच्या हॉटेलचं तळघर ही वेगळी डोकेदुखी. लिफ्ट कोसळते, जोएल एकटा खाली पडतो, कमरेइतकं पाणी आणि हवेत बुरशीचे कण. बाहेर पडायचं दार कीकार्डानं उघडतं, पण आधी जनरेटर सुरू करायला लागतो. तो घरघरला की सगळं तळघर जागं होतं. बहुतेक जण आधी जनरेटर ओढतात आणि मग अंधारात कार्ड शोधत पळतात. उलट करा. आधी तळघर हळूहळू फिरून कार्ड शोधा आणि माल उचला. मग जनरेटरपासून दारापर्यंतची वाट दोनदा चालून पाहा, कुठं वळायचं ते पाठ करा. मगच दोरी ओढा आणि मागे न बघता पळा. लढायचं नाही. बेत पक्का असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पुढे हिवाळ्याच्या टप्प्यात काही काळ तुम्ही एली होता. तिच्याकडे स्वतःचा चाकू आहे, तो मोडत नाही, त्यामुळे सुरीचा हिशेब सुटतो. पण अंगात बळ कमी. तिच्या हातून समोरासमोर मारामारी नको, मागूनच.

कुठली पातळी घ्यावी

‘पार्ट वन’मध्ये अवघडपणा एकदम न ठरवता वेगवेगळा लावता येतो. शत्रू किती तिखट, माल किती मिळणार, हे सुटं सुटं. माझा सल्ला: शत्रू मधल्या पातळीवर, माल मात्र अवघड पातळीवर ठेवा. त्यानं हात आखडता राहतो आणि विटेची किंमत कळते. फक्त गोष्ट अनुभवायची असेल तर सगळं सोपं ठेवा, कुणी नावं ठेवत नाही. सर्व्हायव्हर पातळीवर लिसन मोड नसतो. ग्राउंडेडवर तर पडद्यावर तब्येत, गोळ्या, काहीच दाखवत नाहीत. पहिल्या खेळात तिकडे जाऊ नका.

भाच्यानं गेल्या दिवाळीत ग्राउंडेड संपवला. मी अजून हॉटेलच्या त्या तळघरात आहे. कार्ड सापडलंय, वाटही पाठ आहे, जनरेटर ओढायचा राहिलाय.